शेतावरची ताजी पालेभाजी होळीनंतर किती दिवस मिळते? आणि एवढी संपवायची कशी?

पाचोरेकर:
राम राम मंडळी. आमच्याकडे गिरणाकाठी एका काकांचं दहा-बारा गुंठ्यांचं वावर आहे, मेथी पालक चुका शेपू सगळं थोडं थोडं लावतात आणि सकाळी सहाला गेलं की समोर उपटून देतात. मुळाला ओली माती, पानांवर दव, आणि मेथीची जुडी पिशवीत टाकली की गाडीवर घरी येईपर्यंत नाकात तोच वास. बाजारातली मेथी आता खाववत नाही खरंच. पण दोन अडचणी आहेत. चार माणसांच्या घरात चार-पाच जुड्या होतात, दुसऱ्या दिवशी पाला मलूल पडतो. आणि काका म्हणतात आता पंधरा दिवसच. असं का? पाणी तर आहे त्यांच्याकडे.

वावरातला भो:
भो, पाण्याचा प्रश्न नाही, उन्हाचा आहे. मेथी आणि पालक थंडीतली पिकं, ऊन तापलं आणि दिवस मोठा झाला की पाला वाढवायचं सोडून फुलावर येतात, मधून दांडा वर निघतो, पानं बारीक आणि चरबट होतात, मेथी तर कडूच होते. वरून कितीही पाणी द्या, थांबत नाही. मी स्वतः शेवटचा वाफा संक्रांतीनंतर लगेच टाकतो, म्हणजे महिन्याभरात कोवळी निघते. काकांना सांगा आता तांदुळजा, माठ टाका, त्यांना ऊन मानवतं. आणि चिवळ विचारा त्यांना! ती कोणी लावत नाही, आपोआप येते, जमिनीला चिकटून पसरते, लालसर देठ आणि मुगाच्या डाळीएवढी पानं. निवडायला जीव जातो पण मुगाची डाळ घालून केली की भाकरी कमी पडते.

धुळ्याची ताई:
दादा, आधी ठेवायचं सांगते. घरी आणल्यावर धुवायची नाही, ओला पाला फ्रिजमध्ये सडतो. पिवळी पानं काढा, मुळं तशीच राहू द्या, सुती फडक्यात गुंडाळून ठेवा, तीन दिवस टिकते. मलूल पडली तर मुळाकडचा भाग गार पाण्यात अर्धा तास उभा ठेवा, परत ताठ होते.

आता खायचं. पहिल्या दिवशी मेथी शिजवायचीच नाही, घोळाणा करा! कोवळी मेथी बारीक चिरायची, कांदा, दाण्याचा कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल, हाताने कालवायचं आणि लगेच ताटात, कारण मिठाने पाणी सुटलं की मजा गेली. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली भाकरी. माझी सासू तर भाकरी तव्यावर टाकल्यावरच मेथी चिरायला घेते, आधी चिरली तर ओरडते, आणि तिचं बरोबर आहे.

उरलेली मेथी किंवा शेपू फुणक्यात घाला. डाळ भिजवून जाडसर वाटायची, त्यात पाला, लसूण, मिरची, मुटके करून वाफवायचे आणि गरम कढीबरोबर. दोन जुड्या कुठे गेल्या कळतही नाही.

जळगावची सून:
चुक्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी लग्न होऊन आले तेव्हा डाळ आणि चुका एकत्रच कुकरला लावला होता, पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ टणक. आंबटामुळे डाळ शिजत नाही हे तेव्हा कळलं. डाळ शिजवून घोटून घ्या, चुका वेगळा तेलात परता, दोन मिनिटांत विरघळतो, मग एकत्र करून वरून लसणाची फोडणी. पितळी पातेल्याला कल्हई नसेल तर त्यात करू नका, कळकते. आणि पालक शिजवताना झाकण ठेवू नका, रंग हिरवा राहतो.

पाचोरेकर:
ताई, आज सकाळी घोळाणा केला, आई म्हणाली तिच्या माहेरी असाच व्हायचा आणि मग नुसती माहेरच्या मळ्याबद्दलच बोलत बसली, तासभर. भो, काकांना चिवळीचं विचारलं, हसले आणि म्हणाले कांद्याच्या वाफ्यात पसरलीय, तण म्हणून उपटून फेकत होतो, रविवारी या न्यायला. काकूंनी तांदुळज्याचं बी पण काढून ठेवलंय म्हणे, म्हणजे आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत) तरी सोय झाली. फुणके रविवारी करतोय, डाळ तुरीची घेऊ की हरभऱ्याची?

धुळ्याची ताई:
दोन्ही निम्मी निम्मी. आणि कढी जरा आंबट असू द्या.