मदत हवी आहे: लॅटिन 'क्विद' म्हणजे नेमकं काय? उद्या सकाळी पेपर आहे

नेकरकाठ
इथे लॅटिन येणारं कुणी आहे का? 'क्विद' या शब्दाचे सगळे अर्थ हवेत. शब्दकोशात 'काय' दिलंय, पण प्रत्येक ठिकाणी तेच लिहिलं की पेपरावर लाल रेघ येते. कधी 'काय' लिहायचं आणि कधी नाही, याचा नियम हवाय. उद्या सकाळी पावणेआठला पेपर आहे. इथे आत्ता दुपारचे चार वाजलेत, म्हणजे भारतात साडेआठ. झोपायच्या आत कुणीतरी उत्तर द्या, प्लीज. शोधून बघा असं सांगू नका, ते करून झालंय.

शब्दवेडा
क्विद म्हणजे काय, क्विस म्हणजे कोण. माणसाला क्विस, वस्तूला क्विद, आपल्यासारखंच. लाल रेघ नेमकी कुठे आली? वाक्य टाका.

वकिलीण
'क्विद प्रो क्वो' माहीत असेलच. एक द्या, एक घ्या. आपल्या करार कायद्यात (१८७२) कलम २(ड)मध्ये जे प्रतिफल आहे, त्याच्या मुळाशी हीच कल्पना. मोबदल्याशिवाय करार उभा राहत नाही. कायद्याचा पेपर असेल तर एवढं पुरेल.

नेकरकाठ
कायद्याचा नाही हो, शाळेचा पेपर आहे.

पायवाट
कुठली शाळा? कितवी? वाक्याशिवाय कुणीच काही सांगू शकणार नाही. आणि भाषांतर इंग्रजीत करायचंय की आणखी कशात?

लेस्टरवासी
आमच्याकडे क्विड म्हणजे पाउंड. पाच क्विड, दहा क्विड. दुकानात सर्रास म्हणतात.

नेकरकाठ
सॉरी, घाईत सगळंच राहिलं. मुलगा सातवीत आहे, जर्मनीत गिम्नाझियममध्ये (विद्यापीठाच्या वाटेवरची माध्यमिक शाळा). सहावीपासून दुसरी भाषा म्हणून लॅटिन घेतलंय. भाषांतर जर्मनमध्ये. मला लॅटिन अजिबात येत नाही आणि त्याचे बाबा दौऱ्यावर आहेत. मागचा पेपर समोर घेऊन बसलेय. तीन वाक्यांत 'क्विद' आहे आणि तिन्ही चुकलीत. इथे भाषांतराला मार्क देत नाहीत, चुका मोजतात. समासात उभ्या रेघा मारतात, अर्ध्या चुकीला आडवी. ग्रेड ४ आली होती, म्हणजे जेमतेम पास.

शब्दवेडा
ताई, वाक्यं!!

अलकमंडलु
लॅटिन कशाला घेतलंत? फ्रेंच घेतली असती तर पुढे बोलता तरी आली असती. माझ्या भाचीने फ्रेंच घेतली, आज लिऑनला आहे. अजून वेळ गेलेली नाही, बदलून घ्या.

नेकरकाठ
सातवीत मधेच बदलता येत नाही. शिवाय त्याला आवडतं लॅटिन, म्हणून तर एवढा आटापिटा.
वाक्यं अशी, मुलाने वाचली तशी लिहितेय:
क्विद फ्लेस, पुएल्ला?
सी क्विद हाबेस, दा मिही.
नेस्किओ क्विद फाकिआम.
पहिल्याचं त्याने 'काय रडतेस, मुली?' अशा अर्थाचं जर्मन लिहिलं. दुसऱ्याचं 'जर काय आहे तुझ्याकडे? मला दे.' तिसऱ्याचं 'मी काय करतो ते मला माहीत नाही.'

पायवाट
आता कळलं. या तीन वाक्यांत 'क्विद'ची तीन वेगळी कामं आहेत. बाईंनी प्रश्न नीट निवडलेत. एकेक घेऊ.
पहिलं. फ्लेस म्हणजे 'तू रडतेस'. रडणं अकर्मक, मग 'क्विद' त्याचं कर्म कसं होणार? कर्माची जागा नसली की 'क्विद' द्वितीयेतच राहून क्रियाविशेषणासारखं वागतं आणि अर्थ होतो 'का, कशासाठी'. म्हणजे 'का रडतेस, मुली?' जर्मनमध्ये तिथे 'वारुम' लिहायचं. रोमन कवी होरेसच्या सटायरमधलं (उपहासाच्या कवितेतलं) 'क्विद रीदेस?' हे याचं गाजलेलं उदाहरण: का हसतोस? नाव बदल, गोष्ट तुझीच आहे. रोमन माणूस 'क्विद मे स्पेक्तास?' असंही म्हणतो. इथे 'मे', म्हणजे 'मला', हे कर्म आधीच बसलंय. मग 'क्विद'ला एकच काम उरतं.
मुलाला एवढंच सांगा: आधी क्रियापद बघ. त्याला कर्म लागतच नसेल, किंवा कर्म आधीच मिळालं असेल, तर क्विद म्हणजे 'का' असणार.

म्युनिकचा पाहुणा
थोडं थांबा. मी इथे १८ वर्षं आहे. जर्मन लोक बोलताना 'वास लाख्स्ट डू?' सर्रास म्हणतात, म्हणजे 'काय हसतोस?' त्या 'वास'चा अर्थ तिथे 'का' असाच असतो. मुलाचं जर्मन चुकलेलं नाही. बाईंना भेटा आणि ती चूक काढून घ्या.

पायवाट
बोलण्यात चालतं, मान्य. पण त्याला 'का' हा अर्थ कळलाय की नाही, हे 'वास' लिहून दिसत नाही. बाईंना नेमकं तेच तपासायचंय.

म्युनिकचा पाहुणा
त्याला कळलं नव्हतं हे तुम्हाला कसं ठाऊक? ताई, विचारा त्याला.

नेकरकाठ
विचारलं. कळलं नव्हतं, शब्दाला शब्द ठेवला म्हणतो. भेटायला जात नाही, दुसरं वाक्य सांगा ना.

कृष्णाकाठ
ताई, मला लॅटिनमधलं काही कळत नाही, पण मघापासून वाचतोय आणि एक सांगावंसं वाटतंय. जर्मनमधून कशाला जाताय? आपल्या 'काय'वरून जा की. आमची आजी म्हणायची, 'काय रडतोस रं, उठ.' त्यात 'काय'चा अर्थ 'का' असाच आहे. 'माझ्याकडं काय बघतोस?' यातपण तेच. पोरगं मराठी बोलतंय का घरी?

नेकरकाठ
बोलतो. माझ्याशी मराठीच.

संस्कृतप्रेमी
कृष्णाकाठ यांनी अगदी बरोबर पकडलंय. संस्कृतातही 'किं रोदिषि?' म्हणजे 'का रडतोस?'. लॅटिन मुळात संस्कृतातूनच गेलेली असल्यामुळे हे साम्य आहे. क्विद म्हणजेच आपलं 'किम्'.

पायवाट
संस्कृतातून गेलेली नाही. दोन्ही भाषा एकाच जुन्या भाषेतून आल्यात. संस्कृत शिकलेला ब्रिटिश न्यायाधीश विल्यम जोन्स याने १७८६ साली कलकत्त्यात हेच सांगितलं होतं: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच, आणि ती मूळ भाषा आज बहुधा उरलेली नाही. आणि 'क्विद'चा सख्खा भाऊ 'किम्' नव्हे, 'चित्' आहे. किंचित्, कश्चित्, कदाचित् यांतला. मूळचा क्व-सारखा ध्वनी 'इ'च्या किंवा 'ए'च्या आधी आला की संस्कृतात त्याचा 'च' झाला आणि लॅटिनमध्ये 'क्व'च राहिला. त्यांचं क्वात्तुओर, आपलं चत्वारः. त्यांचं क्विंक्वे, आपलं पञ्च (शेवटचा ध्वनी बघा). वाक्यातला 'आणि' म्हणजे त्यांचं क्वे, आपलं 'च'.

संस्कृतप्रेमी
मूळ भाषा कुणी ऐकलीय का? लिहिलेला एक शब्द तरी दाखवा. ऋग्वेद समोर आहे, तो सोडून कल्पनेतल्या भाषेवर विश्वास का ठेवायचा?

पायवाट
संस्कृतातून लॅटिन आली असती तर 'च'चा पुन्हा 'क्व' कसा झाला असता, आणि तोही नेमका जिथे ग्रीकमध्ये 'त' आहे तिथेच? ग्रीकमध्ये 'काय' म्हणजे 'ति'. तिन्ही भाषा समोरासमोर मांडल्या की मूळचा ध्वनी दिसतो. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो. इथे मुलाचा पेपर आहे.

संस्कृतप्रेमी
'चित्'बद्दल मात्र आभार. हे माहीत नव्हतं. आता 'किंचित्' लिहिताना प्रत्येक वेळी आठवेल.

पायवाट
आणि तेच 'चित्' दुसऱ्या वाक्याला उपयोगी पडतं! 'किम्'ला 'चित्' लावलं की प्रश्न संपतो आणि 'काहीतरी' उरतं. लॅटिनमध्ये 'काहीतरी' म्हणजे अलीक्विद. पण सी (जर), निसी (जर नाही), ने (नको म्हणून), नुम (की काय) यांच्यानंतर पुढचं 'अली' गळतं आणि नुसतं क्विद उरतं. जर्मन शाळांत यावर यमकाची एक ओळ पाठ करून घेतात, मुलाला विचारा. तर 'सी क्विद हाबेस, दा मिही' म्हणजे 'तुझ्याकडे काही असेल तर मला दे'. प्रश्नचिन्ह नाहीच.

नेकरकाठ
ओळ त्याला पाठ आहे!! धडाधडा म्हणून दाखवली. पण ती कशासाठी आहे ते माहीत नव्हतं.

वकिलीण
म्हणजे माझ्या 'क्विद प्रो क्वो'तलं क्विदसुद्धा 'काय' नव्हे, 'काहीतरी' आहे? काहीतरीच्या बदल्यात काहीतरी?

पायवाट
हो. क्वो हे त्याच शब्दाचं पंचमीसारखं रूप, प्रो म्हणजे 'च्या जागी'. आणि इटालियनमध्ये 'क्वी प्रो क्वो' म्हणजे गैरसमज, एकाला दुसरं समजणं.

वकिलीण
वीस वर्षं वापरतेय मी हा शब्द. छान.

कृष्णाकाठ
तिसरं मी सांगू का? 'काय करू कळत नाही.'

पायवाट
सांगा की, शंभर टक्के बरोबर आहे. फाकिआम हे 'करतो' नाही, 'करू' आहे. जर्मनमध्ये त्यासाठी 'काय करायला पाहिजे' असं वेगळं क्रियापद जोडावं लागतं, मराठीत एका 'ऊ'वर काम होतं. क्विद फाकिआम, काय करू. क्विद दीकाम, काय सांगू. मुलाला म्हणावं, आधी मनात मराठीत म्हण, मग जर्मनमध्ये लिही.

म्युनिकचा पाहुणा
हे मात्र पटलं. माझ्या मुलींनी लॅटिन जर्मनमधूनच केलं आणि या 'करू'पाशी दोघी अडल्या होत्या. तेव्हा हे सुचायला हवं होतं.

अलकमंडलु
मराठीवर एवढा भर देऊन जर्मन कच्चं राहील, हा विचार केलाय का?

नेकरकाठ
जर्मन त्याचं माझ्यापेक्षा पक्कं आहे. आत्ता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिन्ही वाक्यं परत केली. मी मराठीत म्हणायचं, त्याने लिहायचं. दोन मिनिटांत तिन्ही बरोबर आली. मग मी कांदा चिरायला घेतला, तर हा म्हणतो, 'क्विद फ्लेस, माते?' आईला लॅटिनमध्ये खरंच माते म्हणतात का?

पायवाट
'मातेर'. लॅटिनमध्ये हाक मारतानाही शेवटचा 'र' राहतो. 'माते' ही आपल्या मराठीतल्या 'माता' शब्दाची हाक. त्याने घरच्या घरी दोन्ही जोडले, चांगलं आहे. पेपरात मात्र र विसरू नको म्हणावं.
उद्यासाठी आणखी दोन सांगून ठेवतो. क्विद आगिस? म्हणजे 'काय चाललंय, कसा आहेस?' आणि क्विद नोवी? म्हणजे 'नवीन काय?', त्यात नोवी षष्ठीत असतं, 'नव्याचं काय' असं. आणि नामाला चिकटून 'कोणतं' म्हणायचं असेल तर क्विद नव्हे, क्वोद. क्वोद तेम्प्लुम, कोणतं देऊळ.

वसईकर
उशिरा आलो. 'का' साठी लॅटिनमध्ये कूर आणि क्वारे हे शब्दही आहेत, ते कुणी सांगितलेच नाहीत. माझे वडील लहानपणी चर्चमध्ये वेदीसेवक होते, मिस्सा (कॅथलिक उपासना) लॅटिनमध्ये असायच्या तेव्हा. धर्मगुरू पायरीशी उभे राहून स्तोत्र म्हणत आणि मुलांनी उत्तर द्यायचं. त्यांना ते अजून तोंडपाठ आहे. उद्या फोन करून नीट विचारून लिहितो.

नेकरकाठ
जरूर लिहा. आता झोपवते त्याला. सगळ्यांचे मनापासून आभार. पायवाट, तुम्ही शिकवता का लॅटिन?

पायवाट
नाही. पुण्यात भाषाशास्त्र केलं, पुढे नोकरी वेगळीच लागली.

नेकरकाठ (दुसऱ्या दिवशी)
पेपर झाला. 'क्विद ताकेस?' आलं होतं, ताकेस म्हणजे गप्प बसतोस. 'वारुम' लिहून आला. 'सी क्विद'सुद्धा होतं. एका ठिकाणी 'कूर' होतं, तिथे मात्र 'काय' लिहून आलाय, नेमका उलटा घोळ. निकाल दोन आठवड्यांनी.

शब्दवेडा
कूर आणि क्विद यांत फरक काय मग? दोन्ही 'का' असतील तर दोन शब्द कशाला?

पायवाट
कूर सरळ कारण विचारतं. 'का'च्या अर्थाने क्विद येतं तेव्हा त्यात पुष्कळदा आश्चर्य किंवा नापसंती असते. 'का रडतेस' आणि 'काय रडतेस' यांत आपल्याकडे आहे तसाच.

कृष्णाकाठ
पण आजीच्या 'काय रडतोस'मध्ये राग नव्हता हो. उचलून घ्यायची ती.

वसईकर
वडिलांना फोन केला. 'आठवतं का' म्हणायच्या आधीच त्यांनी सुरू केलं: क्वारे मे रेपुलिस्ती, एत क्वारे त्रिस्तिस इंचेदो. तू मला का दूर लोटलंस, मी खिन्न होऊन का फिरतो. नऊ वर्षांचे होते तेव्हा. अर्थ माहीत नव्हता, फक्त आपली पाळी कधी येते ते माहीत होतं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर (१९६२ ते ६५) मिस्सा मराठीत सुरू झाली. ते म्हणाले की पहिल्यांदा मराठीत 'का' ऐकलं तेव्हा आपण इतकी वर्षं काय विचारत होतो ते कळलं. 'क्विद'साठी त्यांनी दफनाच्या मिस्सेतली एक ओळ गाऊन दाखवली: क्विद सुम मिझेर तुंक दिक्तुरुस. मी दीन तेव्हा काय बोलणार. तिथे 'काय' म्हणजे 'काय'च आहे ना, पायवाट?

पायवाट
हो, तिथे 'काय'च. बोलणं सकर्मक आहे. वडिलांना नमस्कार सांगा, आणि जमलं तर रेकॉर्ड करून ठेवा.

लेस्टरवासी
पाउंडला क्विड का म्हणतात ते कुणी सांगेल का?