१/२४ मिनी कूपर: लाल बॉडी, पांढरं छत आणि कोकणातला पावसाळा

घाटपायथा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. टामियाचं १/२४ (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं) मॉरिस मिनी कूपर १२७५एस रॅली हे प्लॅस्टिकच्या मॉडेलचं किट करायला घेतोय. लाल बॉडी, पांढरं छत. राहायला चिपळूणला, त्यामुळे सध्या घरातला आर्द्रतामापक ८५ च्या खाली उतरत नाही. एअरब्रश नाही, स्प्रे कॅनवरच भागवायचंय.

आधी लाल मारायचा की पांढरा? या हवेत चकचकीत रंग धुरकट न होता बसावा म्हणून काय करता? टामियाचे टीएस कॅन (मॉडेलसाठीचे लॅकर रंगाचे स्प्रे) मागवले तर यायला वेळ लागतो, मग गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला स्प्रे आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर चालेल का? डीकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं) क्लिअरच्या (वरच्या पारदर्शक थराच्या) आधी की नंतर? शेवटचं म्हणजे १९६४ ची माँटे कार्लो रॅली जिंकलेल्या हॉपकर्कच्या गाडीचा ३७ नंबर वेगळ्या डीकॅल शीटवर मिळतोय, तो या किटवर लावला तर चालेल ना?

---

सुई०३

आधी पांढरा, मग लाल. पांढऱ्या रंगाची झाकण्याची ताकद कमी असते. लालावर पांढरा मारायचा तर चार-पाच हात लागतात, आणि तरी छत गुलाबी दिसायची भीती राहते.

बॉडी कोणत्या रंगाच्या प्लॅस्टिकची आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. लाल प्लॅस्टिक असेल तर त्यातला रंग लॅकरच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळून वर येतो. प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारूनही येतो, आणि तोही लगेच नाही, दोन-चार दिवसांनी. त्यावर उपाय चंदेरी थराचा. प्रायमरवर टीएस-१७ ग्लॉस ॲल्युमिनियमचा एक पूर्ण हात द्या, एक दिवस जाऊ द्या, मग पांढरा. पांढऱ्या प्लॅस्टिकला याची गरज नाही.

रंगाच्या आधीचं काम मिनीत जरा नाजूक आहे. बाकी कुठल्याही गाडीवर उठून दिसणारी रेघ म्हणजे मोल्डची (साच्याच्या जोडाची) रेघ, ती ६०० आणि मग १००० च्या पॉलिश पेपरने घासून टाकायची. मिनीचे पत्र्याचे जोड मात्र खऱ्या गाडीतच बाहेरच्या बाजूला आहेत. पुढे काचेच्या खांबापासून खाली आणि मागे कोपऱ्यावरून खाली उतरणाऱ्या उभ्या पट्ट्या घासू नका, त्या गेल्या की मिनीचा चेहरा गेला. मोल्डची रेघ केसाएवढी बारीक असते आणि तिचा गाडीच्या बांधणीशी काही संबंध नसतो. तिरक्या उजेडात धरलं की फरक कळतो.

दारं, बॉनेट आणि डिकीच्या फटी प्रायमरच्या आधी स्क्राइबरने (रेघ कोरायच्या टोकदार अवजाराने) तीन-चार हलक्या हातांनी खोल करून घ्या. प्रायमर, रंग, क्लिअर मिळून सहा-सात थर होतात, उथळ फट त्यात बुजते. मग भांडी घासायच्या लिक्विडने बॉडी धुवा, जुन्या मऊ टूथब्रशने कोपरे काढा. मोल्डमधून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेल आणि बोटांचा तेलकटपणा राहिला तर रंग तिथून फाटतो.

प्रायमर पांढरा घ्या, टामियाचा फाइन सरफेस किंवा मिस्टर सरफेसर. लालाखाली गुलाबी प्रायमर चांगला, पण तुमचं छत पांढरं आहे, त्याला तो त्रास देईल. करड्यावर लाल मळकट दिसतो.

छताला टीएस-७ रेसिंग व्हाइट. मिनीचा मूळ रंग ओल्ड इंग्लिश व्हाइट, तो किंचित सायीकडे झुकतो. टीएस-२६ प्युअर व्हाइट त्या मानाने फार थंड वाटतो. बॉडीला टीएस-८ इटालियन रेड. मूळ टार्टन रेडशी तो तंतोतंत जुळत नाही, पण या आकारात खपून जातो. टीएस-४९ फार भडक.

छताचा पांढरा ४८ तास वाळला की मास्किंग. टेपची कारखान्यातली कड वापरू नका, ती डब्यात धूळ खाते. काचेवर टेप लावून नव्या ब्लेडने २-३ मिमीच्या पट्ट्या कापा, त्या छताच्या पन्हाळीलगत वळवत न्या, लाकडी टूथपिकच्या बोथट टोकाने दाबा. उरलेलं छत रुंद टेपने झाका. काचांच्या जागांमधून रंग आतून छताखाली जातो, तेव्हा आतूनही झाका. आता महत्त्वाचं: टेपच्या कडेवर आधी पांढऱ्याचाच एक पुसट हात द्या. टेपखाली जे काही झिरपायचं ते पांढरंच झिरपेल आणि फट बंद होईल. १५ मिनिटांनी लाल.

टेप काढायची वेळ म्हणजे लाल बोटाला चिकटेनासा झाला की, साधारण पाऊण तासात. दुमडून, मागे ओढत, हळू. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवली तर कडेला उंच वरंबा राहतो.

---

दमटहवा

वरचं सगळं मान्य. मी फक्त पावसाळ्याचं बोलतो.

लॅकरमधलं सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो. कॅनमधून बाहेर पडणारा गॅस फसफसतानाही थंडच असतो. हवेत वाफ भरपूर असली की ती या गार पृष्ठभागावर पाणी होऊन बसते, अर्धवट ओल्या रंगात अडकते आणि रंग धुरकट दिसतो. पांढऱ्यावर ते डोळ्यांना कळत नाही. लाल, काळा आणि क्लिअरवर लगेच उघडं पडतं. ७० टक्क्यांच्या वर मी चकचकीत रंग मारायचा सल्ला देणार नाही. प्रायमर त्या मानाने सोसतो.

लोक एक उपाय करतात आणि नेमके त्यातच फसतात. बॉडी एसीच्या खोलीत ‘सुकवून’ गॅलरीत आणतात आणि तिथे स्प्रे मारतात. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ च्या आसपास असतो. २४ अंशांची बॉडी बाहेर आणली की तिच्यावर रंगाआधीच दव बसतं. उलटं करा. फळं वाळवायचा डिहायड्रेटर असेल तर ४० अंशांवर १५-२० मिनिटं बॉडी कोमट करा. नसेल तर जाड पुठ्ठ्याचं खोकं, वरच्या बाजूला हवेला भोकं, आत ४० वॉटचा जुना पिवळा बल्ब, पुठ्ठ्यापासून आणि बॉडीपासून दोन्हीकडून वीतभर लांब. समोर बसून असाल तेव्हाच चालू ठेवायचा. आत थर्मामीटर ठेवा आणि ४५ च्या वर जाऊ देऊ नका. काचांचे बारीक खांब सगळ्यात आधी वाकतात. कोमट बॉडीवर रंग मारा आणि लगेच परत त्याच खोक्यात ठेवा.

कॅनही ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. दाब वाढतो, थेंब बारीक पडतात, ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) कमी होतं. बाहेरून कोरडा पुसा, नाहीतर कॅनवरचं पाणी ओघळून बॉडीवर पडतं. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कॅन कधीही नाही, तो फुटतो.

अंतर १५ ते २० सेंमी. स्प्रे बॉडीच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा. आधी चाकांच्या कमानी, बंपरखालची पट्टी, खांब. मग मोठे भाग. दोन पुसट हात, मध्ये दहा मिनिटं, मग एकच ओला हात. ओला म्हणजे उजेडाचं प्रतिबिंब दिसेल इतका, ओघळेल इतका नाही. लांबून मारलात तर थेंब हवेतच वाळून खडबडीत बसतात, आणि लोक त्याचा दोष पावसाला देतात.

धुरकट झालंच तर खरवडू नका. आठवडाभरात एखादा कोरडा दिवस गाठून त्यावर पुसट क्लिअर किंवा, एअरब्रशवाला मित्र असेल तर, मिस्टर कलर लेव्हलिंग थिनरचा पातळ फवारा. वरचा थर पुन्हा ओला होतो, पाण्याला निघायला वाट मिळते.

एन९५ मास्क सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा रेस्पिरेटर हवा, आणि खिडकीत बाहेर फेकणारा पंखा. जवळ देवघर, शेगडी, पायलट लॅम्पचा गिझर नको.

---

सुई०३

एनसी थिनरचं राहिलंच. उघड्या पॉलिस्टायरिनवर (किटच्या प्लॅस्टिकवर) ते पडलं की प्लॅस्टिक मऊ होतं, बारीक तडे जातात, बिजागऱ्यांसारखे तपशील विरघळून गोल होतात. गाड्यांच्या दुकानातले कॅन खऱ्या पत्र्यासाठी असतात. थर जाड पडतो, नोझल रुंद असतं. वापरायचेच असतील तर मिस्टर सरफेसरचे दोन हात, एक दिवस थांबा, आणि आधी याच किटच्या स्प्रूवर (भाग धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर) चाचणी. दुकानातला दोन भागांचा पीयू क्लिअर घरात नकोच, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं.

त्या दुकानातून घ्यायच्या गोष्टी वेगळ्या: १०००, १५०० आणि २००० चे वॉटर पेपर. स्वस्त आणि चांगले.

टीएसचे कॅन उशिरा येतात कारण एरोसोल विमानाने पाठवत नाहीत, रस्त्याने येतात. १०० मिलीच्या एका कॅनमध्ये मिनीएवढ्या दोन बॉडी सहज होतात. एकेकच मागवा.

---

जुनाखोका

३७ नंबरबद्दल. लावायला कोण अडवणार, पण ती गाडी १२७५ सीसीची नव्हती. पॅडी हॉपकर्कने १९६४ ची माँटे कार्लो जिंकली ती ३३ ईजेबी पाटीची गाडी १०७१ सीसीची कूपर एस. १२७५ ने जिंकलेली वर्षं १९६५ (टिमो मॅकिनेन, एजेबी ४४बी) आणि १९६७ (राउनो आल्टोनेन, एलबीएल ६डी, नंबर १७७). १९६६ ला मिनी पहिल्या तीन जागांवर आल्या आणि हेडलाइटच्या नियमावरून बाद झाल्या. किटचं नाव १२७५एस आहे, तेव्हा १९६७ चा नंबर लावणं सरळ. आणि प्रत्येक वर्षाचे जादा दिवे वेगळे असतात, फोटो समोर ठेवूनच बसवा.

क्रोमच्या भागांना एक्स्ट्रा थिन सिमेंट (मॉडेलचा पातळ गोंद) चिकटत नाही, कारण ते प्लॅस्टिक विरघळवून जोडतं आणि मध्ये क्रोम असतं. जिथे जोड येतो तिथलं क्रोम ब्लेडने खरवडा. बंपरवर मोल्डची रेघ ठळक असेल तर घरगुती ब्लीचमध्ये बुडवून सगळं क्रोम काढा, रेघ घासा आणि मोलोटोच्या लिक्विड क्रोम पेनने पुन्हा करा. त्यावर क्लिअर मारू नका, करडं पडतं.

खिडक्यांच्या चंदेरी कडांना बेअर-मेटल फॉइल (चिकटणारा धातूचा पातळ पत्रा) लावता येईल, पण ते सगळ्या पॉलिशनंतर.

आणखी एक, न जोडलेली किटं साठवणाऱ्यांसाठी. टायर व्हिनाइलचे असतात, त्यातलं प्लॅस्टिसायझर (व्हिनाइल मऊ ठेवणारं रसायन) वर्षानुवर्षं झिरपत राहतं. टायर बॉडीला किंवा काचांना टेकून राहिला तर तिथे खड्डा पडतो. जुन्या अमेरिकन १/२५ किटांमध्ये हे सर्रास सापडतं. टायर वेगळ्या पिशवीत, डीकॅल शीट सपाट झिप पिशवीत सिलिका जेलसकट. कोकणात खोक्याला कसर आणि बुरशी दोन्ही लागतात, भिंतीला टेकवून रचू नका. सेकंडहँड घेताना खोकं नंतर पाहा, आधी काचांचा स्प्रू आणि डीकॅल. बाकी सगळं घरी करता येतं.

---

दमटहवा

डीकॅल क्लिअरच्या आधी. टीएसचे हे दोन्ही रंग चकचकीतच असतात, त्यांवर थेट लावा. मॅट पृष्ठभागावर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. कोमट पाण्यात २०-३० सेकंद, मग टिशूवर एक मिनिट, आपसूक सरकू द्या. खाली मायक्रो सेट (डीकॅल चिकटवणारं द्रावण), जागेवर बसल्यावर वरून मायक्रो सोल (ते मऊ करणारं). सोलने डीकॅल सुरकुततं, घाबरून हात लावू नका, वाळताना ताणलं जातं. दारावरच्या गोलावर फटीच्या जागी ब्लेडने चीर देऊन पुन्हा सोल लावा. दुसऱ्या दिवशी ओल्या कापसाने सुटा गोंद पुसा.

४८ तासांनी टीएस-१३ क्लिअर. पहिले दोन हात अगदी पुसट, कारण ओला टीएस-१३ डीकॅल विरघळवतो. तिसरा ओला. मग बॉडीला नाक लावून वास येईनासा होईपर्यंत थांबा. पावसाळ्यात दोन आठवडे धरा. नंतर २००० आणि ३००० चे पेपर, मग टामियाचं फाइन आणि फिनिश कंपाउंड (पॉलिशची पेस्ट). कडांवर आणि त्या उभ्या जोडांवर पेपर फिरवू नका, रंग तिथे सगळ्यात पातळ असतो. २ मिमी टेप लावून झाका.

---

जुनाखोका

इथे मी थोडा वेगळा. साठच्या दशकातल्या रॅलीच्या गाडीला आरशासारखी चकाकी शोभत नाही, खेळण्यातली वाटते. टीएस-१३ चा एकच ओला हात आणि फक्त फिनिश कंपाउंड पुरे.

---

घाटपायथा

फार उपयोगी, धन्यवाद. बॉडी रंगवण्याआधी प्लॅस्टिक तपासतो, १७७ नंबरच लावतो. एकच राहिलं: काचा कशाने चिकटवू? सुपरग्लू हाताशी आहे.

---

सुई०३

सुपरग्लू नको. त्याची वाफ काचेवर पांढरट थर धरते, दमट हवेत तर हमखास. साधा पांढरा पीव्हीए गोंद टूथपिकने आतल्या कडेला, चार ठिकाणी थेंबथेंब. जास्त झाला तर ओल्या कापसाने निघतो. काचेच्या कडेची काळी रबरी पट्टी चिकटवण्याआधी रंगवा, आणि पीव्हीए पारदर्शक होईपर्यंत बॉडी चेसिसवर बसवू नका. मिनीत बॉडी ताणूनच खाली घ्यावी लागते, त्या ताणाने काच सुटते.