विषय: एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेक – फराळासाठी वेगळा पोर्टर घ्यायचा का?

प्रेषक: माई
सर्वांना नमस्कार,
एजन्सीला शुक्रवारी पोर्टरचा आकडा कळवायचाय, म्हणून घाईनं लिहितेय. लक्ष्मीपूजनाला आपण वाटेवरच्या नामचे गावात असू. चकली, शेव, शंकरपाळे, बेसनाचे लाडू मिळून फराळ १४ किलो होतोय. ओलं काही घेतलेलं नाही. चालायला सुरुवात होते त्या लुक्ल्याच्या विमानात हातातल्या पिशवीसकट माणशी १५ किलोच चालतं. तेव्हा प्रत्येकानं आपल्या डफल बॅगेत एकेक डबा घ्यावा, म्हणजे वेगळा पोर्टर लागणार नाही. हरकत असल्यास गुरुवारपर्यंत कळवा.

प्रेषक: नाना (सहल समिती)
माई, हरकत आहे. डबे वाटून घेतले तरी वजन तेवढंच राहतं, फक्त ते दिसेनासं होतं. आपण दोघांत एक पोर्टर धरलाय. दोन बॅगांचे २५ किलो, शिवाय त्याचं स्वतःचं अंथरूण-पांघरूण. पोर्टरांसाठी काम करणारे लोक नेपाळमध्ये ३० किलोची मर्यादा सांगतात; डबे धरले तर ती ओलांडली जाते. लार्जा दोभानचा झुलता पूल ओलांडला की नामचेपर्यंत ६०० मीटरची सलग चढण आहे. कपाळावर नामलो, म्हणजे ओझं पेलणारा पट्टा, हातात टोकमा, म्हणजे टेकायची आखूड काठी. थोडं चढायचं, टोकमा ओझ्याखाली टेकवायचा, उभ्याउभ्या दम खायचा, पुन्हा निघायचं. आपल्या सणाचं वजन त्या मानेवर गुपचूप चढवायला माझी तयारी नाही.
आणि पोर्टरचा आकडा सहल समिती ठरवते. गणपतीच्या वेळचा घोळ पुन्हा नको.

प्रेषक: खजिनदार
वेगळा पोर्टर घेतलात तर तो खर्च मंडळाच्या खात्यातून निघणार नाही, जाणाऱ्यांनी वाटून घ्यायचा. त्यावरून आठवलं, सगळ्यांना सारखी वर्गणी लावता येत नाही. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क भारतीय पासपोर्टवर १५०० नेपाळी रुपये, ब्रिटिश पासपोर्टवर ३०००, वर १३ टक्के व्हॅट. शिवाय ब्रिटिशवाल्यांना ३० दिवसांचा व्हिसा ५० डॉलरचा. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) तिथे उपयोगी पडत नाही. पासपोर्ट कुठला ते रविवारपर्यंत कळवा.

प्रेषक: वहिनी
खजिनदारसाहेब, एकाच घरात दोन पासपोर्ट असतात. आमच्याकडे यांचा भारतीय, माझा आणि मुलांचा ब्रिटिश. ज्याचं शुल्क त्यानं भरावं, पण ट्रेकचा बाकी खर्च सारखाच ठेवा. सहलीत दोन वर्ग झालेले मला चालणार नाहीत.

प्रेषक: अण्णा
लॉजवाल्यांचंही बघा. खोली स्वस्तात देतात, कमाई सगळी स्वयंपाकघरावर. ज्या लॉजमध्ये झोपायचं तिथेच जेवायचं, ही तिथली रीत. आपण टेबलावर डबे उघडून बसलो आणि नुसता चहा मागवला तर बरं दिसणार नाही. रात्री सगळ्यांनी दालभात घ्यायचा, फराळ जेवणानंतर, आणि पहिलं ताट लॉज चालवणाऱ्या दीदीला. मांसाहारी मंडळींना विनंती, वर मटण-चिकन मागू नका. खुंबूत, म्हणजे त्या सगळ्या भागात, जनावर कापत नाहीत, मांस खालून पाठीवर येतं, कितीतरी दिवसांचं असतं.
शिवाय माझं जुनंच म्हणणं: नामचेची दुसरी रात्र कापली तर रजेचा एक दिवस वाचेल.

प्रेषक: डॉक्टरवहिनी
अण्णा, ती रात्र कापायची नाही. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. आदल्या मुक्कामाचं फाकदिंग २६१० वर, नामचे ३४४० वर, म्हणजे तिथेच आपण मोठी उडी मारतोय. नामचेतल्या त्या जादा दिवशी ३७९० मीटरवरच्या खुमजुंगला जाऊन यायचं, हिलरींनी १९६१ मध्ये काढलेली शाळा बघायची आणि झोपायला खाली नामचेत. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरचं औषध) घेतलं तरी हा दिवस चुकत नाही.
पोर्टरबद्दल नानांशी मी पूर्ण सहमत. ओझी वाहणारे बरेचसे शेर्पा नसतात, खालच्या खोऱ्यांतले राई, तामांग असतात. उंची त्यांनाही लागते. मागच्या ट्रेकला लोबुचेत आमच्या गटातला एक पोर्टर चालताना झोकांड्या खात होता. डोकं आदल्या दिवसापासून दुखत होतं, पण मजुरी बुडेल म्हणून बोलला नव्हता. गटप्रमुख त्याला एकट्यालाच खाली पाठवायला निघाले होते. मी अडून बसले, दोन माणसं बरोबर दिली आणि फेरीचेच्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या दवाखान्यात पोचवलं. या खेपेला पोर्टरांनाही रोज संध्याकाळी मीच विचारणार, डोकं दुखतंय का, जेवलास का.

प्रेषक: नाना (सहल समिती)
मग असं करू. लुक्ल्यातून एक जादा माणूस फक्त नामचेपर्यंत. परतीच्या दिवसाची मजुरीही द्यायची, रिकाम्या हातानं उतरला तरी. फराळ नामचेतच संपवायचा, त्याच्या वर एकही डबा नाही.

प्रेषक: माई
चालेल. डबे ८ किलोंवर आणते, शंकरपाळे रद्द. नेपाळातही तेव्हाच तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी, असतो, म्हणून आपल्या प्रत्येक पोर्टरसाठी एक पुडा वेगळा बांधणार आहे, तो या ८ किलोंतच.
नाना, पोर्टरांना बूट, गरम जॅकेट आणि विमा एजन्सी देते का, ते शुक्रवारच्या आत लेखी मागवा. नाही म्हणाले तर जॅकेटं आपण इथून नेऊ. माझ्याकडे दोन आहेत. कुणाकडे पुरुषी मापाची, चांगल्या स्थितीतली असतील तर मला थेट लिहा.