लहान मुलांची रात्रीची झोप: तुमचे अनुभव, उपाय, फजित्या

काल रात्री दोनला शेजारचं पिल्लू रडत होतं, मग बाबाच्या येरझाऱ्या, आणि मला आमचे दिवस आठवले. लेक आता दहावीत आहे, पण दीड वर्षाची असताना दर तासा-दीड तासाने उठायची. थोपटून झोपवायचं, हळूच हात काढायचा, थोड्या वेळाने भोंगा. डॉक्टरांनी सांगितलं की झोप आवर्तनांमध्ये येते, एक संपलं की पुसटशी जाग सगळ्यांनाच येते, आपण कूस बदलून परत झोपतो. मूल मात्र झोप लागताना जे होतं ते शोधतं, म्हणजे तुमचा हात. मग पेंग येईपर्यंतच थोपटायचं आणि डोळे मिटायच्या आत हात बाजूला, असं सुरू केलं. सुरुवातीला कहर झाला, पण उठणं कमी होत गेलं. तुम्ही काय केलंत?

---
वाचतेय. एक मांडीवर आहे, एका हाताने टाईप करतेय. नंतर लिहिते.

---
आमच्याकडे दुपारची झोप हीच व्हिलन!! पाळणाघरात चारला झोपवायचे ते साडेपाचपर्यंत, मग रात्री अकराला साहेब फ्रेश, गाड्या काढून बसलेत. ताईंना सांगून झोप जेवणानंतर लगेच करून घेतली तेव्हा गाडी रुळावर आली. पण दुपारची झोप बंदच करू नका हं, दीड-दोन वर्षांचं मूल अतिदमलं की झोपायचं सोडून थयथयाट करतं

---
किती तास झोपायला हवं पण? माझी रात्री नऊच तास झोपते, सासूबाई रोज ऐकवतात

---
^^ १ ते २ वर्षं असेल तर २४ तासांत ११ ते १४ तास, दुपारचे धरून. ३ ते ५ ला १० ते १३. दुपारी अडीच तास झोपत असेल तर हिशोब बसला की! सासूबाईंना बेरीज दाखवा 😄

---
बाबा लिहितोय. मुलगा अडीच वर्षांचा असताना झोपल्यावर तासा-दीड तासाने किंचाळत उठून बसायचा, डोळे टक्क उघडे पण मला ओळखत नाही, जवळ घ्यायला गेलो की ढकलायचा. बायको म्हणे नजर लागली, मी म्हटलं फिट आली. व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवला, नाईट टेरर निघालं. गाढ झोपेतून अर्धवट बाहेर येतात, सकाळी काही आठवत नाही. उठवायचं नाही, फक्त पलंगावरून पडणार नाही एवढं बघायचं. वाईट स्वप्न वेगळं, ते बहुतेक पहाटेकडे पडतं आणि त्यात मूल खरंच जागं होतं, तेव्हा कुशीत घ्या

---
बापरे, भीती वाटली असेल हो दादा

---
रडू द्या, आपोआप शिकतं म्हणतात ते ज्यांना जमतं त्यांना जमो, मला नाही जमलं. आम्ही खुर्ची ठेवली. आधी पलंगाला चिकटून, काही दिवसांनी जरा लांब, मग दाराजवळ. बोलायचं नाही, डोळ्यात बघायचं नाही, नुसतं बसायचं. एकदा नवरा खुर्चीतच घोरायला लागला आणि लेक कठड्याला धरून उभी, “बाबा जोजो” करत त्यालाच झोपवतेय 🤣

---
घोरण्यावरून आठवलं, मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, मध्येच श्वास अडकल्यासारखा वाटत असेल तर झोपेची शिस्त वगैरे राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा. आमच्याकडे नाकामागच्या ॲडिनॉइड ग्रंथी वाढल्या होत्या आणि आम्ही वर्षभर दिनचर्येलाच दोष देत बसलो होतो.

---
मेलाटोनिनच्या (झोप आणणारं हार्मोन) गमीज, त्या चघळायच्या गोळ्या, कोणी दिल्यात का?

---
डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको गं. त्यापेक्षा तासभर आधी टीव्ही मोबाईल बंद आणि खोलीत उजेड कमी कर, उजेडामुळे शरीरातलं मेलाटोनिनच उशिरा तयार होतं

---
मोबाईल बंद म्हणजे आपलाही का 😭

---
तोच तर खरा प्रॉब्लेम आहे

---
धागाकर्ती ताई, दहावीच्या लेकीला सकाळी उठवता कसं ते सांगा आधी. आमचा नववीतला तीन अलार्म बंद करून झोपतो.

---
त्याचा वेगळा धागा काढा, मीही येते

---
मांडीवरचं झोपलं एकदाचं. खाली ठेवू की नको??

---
ठेवू नका!!

---
ठेवा, आधी पाय मग डोकं

---
उठलं. येते.