मदत हवी आहे: फ्रीझरमधलं दूध दुसऱ्या बाळाला देता येईल का?

अस्मि: बाळ गेलं. दूध थांबत नाही. पंपाने काढून पिशव्या भरतेय, फ्रीझर भरत आलाय. ओतून टाकवत नाही. कुणाच्या तरी बाळाच्या पोटात जावं एवढंच वाटतं. दुग्धपेढीत (आयांनी दान केलेलं दूध गरजू बाळांना देतात तिथे) फोन केला, "तपासण्या झाल्यात का?" एवढं विचारून ठेवून दिला. काय करू? लवकर सांगा.

रेवा: फार वाईट झालं. आधी सांगा: कितवा आठवडा होता? पिशव्यांवर तारखा आहेत? औषधं कोणती? डीप फ्रीझर की फ्रिजचा बर्फाचा कप्पा?

कुमार: कॅबरगोलिनची गोळी मागा डॉक्टरांकडे. दूध बंद होईल, सगळाच प्रश्न मिटेल.

रेवा: कुमार, दूध बंद कसं करायचं हे त्यांनी विचारलेलंच नाही. शिवाय गरोदरपणात बीपी वाढलं असेल तर ती गोळी देत नाहीत.

अस्मि: ३४ वा. बीपीची गोळी चालू आहे. तारखा नाही टाकल्या. वेगळा डीप फ्रीझर आहे.

मंजिरी: ओळखीत तान्हं बाळ असेल तर थेट द्या ना. पेढीचे सोपस्कार कशाला?

रेवा: थेट नको. एचआयव्ही आणि सीएमव्हीसारखे विषाणू दुधातून जातात. सीएमव्ही अपुऱ्या दिवसांच्या बाळांना फार जड जातो. पेढीत दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवतात, त्यात हे विषाणू मरतात. तरी दात्या आईचं रक्त आधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिससाठी तपासतात. गरोदरपणातले रिपोर्ट शोधून ठेवा, काही पेढ्यांना ते चालतात.

अस्मि, आत्ता आठवतंय तोवर प्रत्येक पिशवीवर अंदाजे तारीख घाला, "अंदाजे" असंही लिहा. यापुढे तारीख, वेळ, गोळीचं नाव. पिशवी काठोकाठ भरू नका, गोठताना दूध फुगतं आणि शिवण उसवते. गोठलेल्या दुधावर ताजं कोमट ओतू नका. घरच्या वापराला उणे १८ अंशांना सहा महिने चांगलं राहतं, पण काही पेढ्या तीनच महिन्यांपर्यंतचं घेतात, तेव्हा त्यांची मुदत विचारा. पुन्हा फोन कराल तेव्हा पहिलं वाक्य हेच: "माझं बाळ गेलंय, साठवलेलं दूध द्यायचंय." बऱ्याच पेढ्या अशा आईकडून एकदाच दिलेलं दूधही घेतात. बीपीच्या गोळीचं नाव सांगा, ती चालते का हे तेच ठरवतील.

सुलू: हात गुंतवायला शिवणही चांगलं. प्रसूती वॉर्डाला विचारून गेलेल्या बाळांसाठी कपडे शिवता येतात. २४ आठवड्यांचं बाळ साधारण ३० सेंटिमीटर असतं, कातडी सोलवटते. म्हणून डोक्यातून घालायचं झबलं नको, पुढून पूर्ण उघडणारं, बंदांचं हवं. बटण नको. दोन सारखे रुमाल शिवा, एक बाळासोबत जातो, एक आईकडे राहतो.

अस्मि: शिवण नंतर बघेन. पेढीने नाहीच घेतलं तर? काढणं आजच बंद करू?

रेवा: एकदम नको, गाठी होऊन पिकतात. दोन वेळांमधलं अंतर वाढवत जा, ठणका कमी होईल इतकंच काढा, थंड पट्ट्या ठेवा. लाल चट्टा आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि एका पेढीने नाही म्हटलं तर दुसरीला विचारा, प्रत्येकीचे नियम वेगळे असतात.