घरी पॉडवालं कॉफी मशीन घ्यावं का? वापरणाऱ्यांनी अनुभव लिहा

पाऊसवेडी

आमच्याकडे सध्या पॉडवालं (पॉड किंवा कॅप्सूल म्हणजे एका कपाची पावडर भरलेली बंद डबी) कॉफी मशीन घ्यायचं की नाही यावर रोज चर्चा चालू आहे म्हणून हा धागा काढतेय. घरात चार माणसं आणि चौघांच्या चार तऱ्हा. नवरा सव्वासहाला घराबाहेर पडतो, त्याला काळी कडक कॉफी लागते. मला नऊच्या मीटिंगआधी एक मग, सासूबाईंना दुपारी भरपूर दूध, साखर आणि वरून जायफळ, आणि सासऱ्यांना फक्त चहा. कोणीच एका वेळी पीत नाही त्यामुळे दिवसभर ओट्यावर पातेलं, गाळणी, चमचे असा पसारा. मैत्रिणीकडे बघितलं तर कॅप्सूल टाकली, बटण दाबलं, कॉफी तयार, धुवायला फक्त कप. फार आवडलं. पण मशीनपेक्षा पुढचा खर्चच मोठा असं सगळे म्हणतात आणि कचऱ्याचंही मनात येतं. आम्ही पुण्यात आहोत पण बाहेरच्यांचे अनुभवही चालतील. कुठलं मॉडेल भारी यापेक्षा रोजच्या वापरात काय होतं ते हवंय.

दूरदेशी

न्यू जर्सीत आहे, आमच्याकडे बरीच वर्षं के-कपवालं मशीन आहे, के-कप म्हणजे क्युरिग कंपनीच्या मशीनचे पॉड. तुम्ही लिहिलंय तशा घरासाठीच हे बनलंय असं माझं मत. मुलगा डिकॅफ (कॅफिन काढलेली) पितो, मी डार्क रोस्ट, बायको हेझलनट, कुणाचं कुणाला अडत नाही आणि पॉटमध्ये उरलेली कॉफी सिंकमध्ये ओतणं बंद झालं. क्युरिग हे प्रकरण १९९८ मध्ये आधी ऑफिसांसाठी आलं, घरांत नंतर शिरलं, आणि अजूनही त्याची चव मला ऑफिसचीच वाटते, म्हणजे ठीक, प्यायबल, पण एस्प्रेसोची (जोराच्या दाबाने काढलेली घट्ट, कडक कॉफी) अपेक्षा ठेवून घेऊ नका. क्युरिगमध्ये तेवढं प्रेशर नसतं, गरम पाणी पावडरीतून जातं इतकंच. मोठा मग घेतला की पाणचट लागते कारण पॉडमध्ये पावडर तेवढीच, साधारण दहा ग्रॅम, आणि पाणी वाढवत गेलं तर दुसरं काय होणार. सगळ्यात लहान कपचं बटण दाबायचं, हे इथे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी सांगतो.

खर्चाचा हिशोब पॉडवर नाही, किलोवर करा. के-कप पन्नास सेंटला पडला तर किलोला पन्नास डॉलर. नेस्प्रेसोच्या (नेस्लेचा कॅप्सूल कॉफीचा ब्रँड) लहान कॅप्सूलमध्ये पाच-साडेपाच ग्रॅमच पावडर असते, ती ऐंशी सेंटला धरली तर किलोला जवळजवळ दीडशे डॉलर! इतक्यात उत्तम रोस्टरचे ताजे बीन्स तीन-चार किलो येतात. हे आकडे डोळ्यासमोर ठेवून मग ठरवा. आम्ही ठरवून आठवडाभर पॉड वापरतो आणि शनिवार-रविवारी फ्रेंच प्रेस (दांडा दाबून कॉफी गाळायचं भांडं).

घाटमाथा

पुण्यातच, बाणेरला. कॅप्सूलवालं एस्प्रेसो मशीन आहे, १९ बार दाबाच्या पंपवालं. चवीबद्दल तक्रार शून्य, क्रेमा (कॉफीवरचा फेस) सुंदर येतो, पंचवीस-तीस सेकंदांत पाणी तापतं. पण दोन गोष्टी कोणी दुकानात सांगत नाही त्या सांगतो.

एक म्हणजे पाणी. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं पाणी येतं, गिझरची कॉइल बघा कशी पांढरी होते, तेच मशीनच्या आत होतं, फक्त दिसत नाही. आधी कॉफी थोडी कोमट येते, मग धार बारीक होते, मग पंप जोरात घरघरतो आणि कप भरायला दुप्पट वेळ. डीस्केलिंग (आत साचलेला क्षार काढणं) केल्यावर ट्रेमध्ये जे गढूळ पाणी पडलं त्यात खडूच्या चुऱ्यासारखे कण होते, बोटांत चोळले तर करकरीत. आता आम्ही टाकीत कायम फिल्टरचंच पाणी भरतो आणि मशीनवरचा डीस्केलचा दिवा लागायची वाट न बघता दर तीन महिन्यांनी डीस्केल करतो. व्हिनेगर घालू नका, आतल्या रबरी सीलना त्रास होतो आणि वास जाता जात नाही. कंपनीचं लिक्विड महाग आहे खरं पण वॉरंटीत असेपर्यंत तेच वापरा.

दुसरी गोष्ट इन्व्हर्टर. ही मशीन तापताना १२०० ते १५०० वॅट ओढतात. घरातला नेहमीचा इन्व्हर्टर लगेच ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. लाइट गेले की कॉफी नाही, गॅसवरचं पातेलं लागतंच. त्यामुळे पसारा पूर्ण जाईल अशी आशा धरू नका.

माटुंगाकर

मी विरोधी पक्षात. आमच्याकडे पितळी फिल्टर आहे, माटुंग्याच्या दुकानातून समोर दळून पावडर आणतो, थोडी चिकोरी घालून. रात्री झोपताना फिल्टरमध्ये पावडर दाबून वर उकळतं पाणी ओतून ठेवायचं, सकाळी डिकॉक्शन (कॉफीचा घट्ट अर्क) तयार. उठल्यावर फक्त दूध तापवायचं. मग सांगा बटण दाबण्यापेक्षा जास्त काय कष्ट पडले? सव्वासहाला निघणाऱ्या माणसालाही हे जमतं, आणि सकाळी उठून भांड्याचं झाकण काढल्यावर जो वास येतो तो कॅप्सूलमधून मला तरी कधीच आला नाही. भारतातली बहुतेक कॉफी कर्नाटकात पिकते, चिकमगळूर, कूर्ग आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर, आणि आपण युरोपात भाजून ॲल्युमिनियममध्ये बंद केलेली कॉफी मागवून प्यायची हे मला मनापासून पटत नाही.

पाऊसवेडी

@माटुंगाकर, डिकॉक्शनचा पर्याय सासूबाईंना नक्की आवडेल, पण नवरा दूध घालतच नाही आणि मी दिवसाआड बदल मागते. @घाटमाथा, इन्व्हर्टरचं कधी डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद. आता दुधाच्या कॉफीबद्दल कोणीतरी सांगा ना. आपल्या घरी जशी करतात तशी, लाटे वगैरे नको.

वेलदोडा

होते की, छान होते. मशीन दूध करत नाही, दूध वेगळंच तापवायचं हे आधी मान्य करायचं. आईसाठी मी असं करते: छोट्या पातेल्यात पाऊण कप म्हशीचं दूध, साखर त्यातच, एक उकळी. कपमध्ये आधी चिमूटभर जायफळ किसून घ्यायचं आणि त्यावर मशीनची धार सोडायची म्हणजे जायफळाचा वास उठतो, मग वरून दूध उंचावरून ओतायचं. कॅप्सूल जास्त इंटेन्सिटीची घ्या, आणि बटण रिस्ट्रेटोचं, पंचवीस मिलीवालं, फार तर एस्प्रेसोचं चाळीस मिलीचं. लुंगोचं एकशेदहावालं बटण एस्प्रेसोच्या कॅप्सूलला कधीच दाबू नका, शेवटचं पाणी नुसतं कडू आणि पातळ येतं आणि दूध घातल्यावर कॉफी कुठे हरवते कळत नाही. अनेकांना ‘पॉडची कॉफी कडू’ वाटते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

परतलेला

अमेरिकेतून येताना मशीन आणायचा किंवा कोणाकडून मागवायचा विचार असेल तर थांबा. तिकडचं मशीन १२० व्होल्टचं असतं आणि आपल्याकडे २३०. फोनच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं म्हणून लोकांना वाटतं नुसती पिन बदलली की झालं. हीटर असलेल्या वस्तूला दुप्पट व्होल्टेज दिलं की ती जवळजवळ चौपट वॅट ओढते. आमच्या भाच्याने लावून बघितलं, वास आला, धूर आला, संपलं. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर मिळतो पण १५०० वॅटच्या मशीनला किमान दोन हजार वॅटचा लागतो, तो दगडासारखा जड आणि ओट्यावर मशीनपेक्षा जास्त जागा खातो. शिवाय के-कप इथे सहज मिळत नाहीत, मिळाले तर इम्पोर्टेड भावात. इथे जे विकतात, ज्याचं सर्व्हिस सेंटर इथे आहे, तेच घ्या. नेस्प्रेसोचं भारतातलं पहिलं दुकान दिल्लीत २०२५ मध्ये उघडलं, आणि त्यांच्या जुन्या लहान आकारात बसतील अशा कॅप्सूल भारतीय कंपन्याही करतात.

लाटा-आणि-वारा

वरच्या मुद्द्याला जोडून: कोणत्या आकाराची कॅप्सूल लागते हे बघूनच मशीन निवडा, हा माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला. नेस्प्रेसोचं मूळ पेटंट १९७६ चं, एरिक फाव्र या नेस्लेच्या इंजिनियरचं, धंदा सुरू झाला १९८६ मध्ये. महत्त्वाची पेटंट संपल्यावर त्या जुन्या आकाराच्या कॅप्सूल कोणीही करू लागलं, भाव उतरले, चवींची निवड वाढली. नंतर २०१४ मध्ये आलेली व्हर्ट्युओ मशीन मात्र कॅप्सूलच्या कडेवरचा बारकोड वाचतात आणि कॅप्सूल गरगर फिरवून कॉफी काढतात, मोठा मग छान भरतो पण तिथे निवड खूप कमी. क्युरिगनेही त्याच वर्षी दुसऱ्यांचे पॉड न चालणारं मशीन काढलं होतं, ग्राहक इतके चिडले की पुढच्या वर्षी कंपनीला चूक मान्य करून स्वतःची पावडर भरायचा कप परत आणावा लागला. मशीन स्वस्तात देऊन पुढे वर्षानुवर्षं पॉडवर कमवायचं असा हा धंदा आहे, तेव्हा जिथे पॉडवाले चार आहेत तिथेच जा.

आइंडहोवनची

इथे नेदरलँड्समध्ये एक वेगळाच प्रकार घरोघरी दिसतो, सेन्सिओ. फिलिप्सने २००१ मध्ये काढलं. कागदाच्या चपट्या गोल पॅडमध्ये सातेक ग्रॅम पावडर, टी-बॅगसारखी, त्यामुळे प्लॅस्टिक नाही, ॲल्युमिनियम नाही, आणि पॅड खूपच स्वस्त. चव एस्प्रेसो आणि फिल्टरच्या मधली, वर पांढरट फेस. सासू-सासरे तीन महिने आले होते तेव्हा पहिल्या दोन दिवसांत शिकले. तोटा एवढाच की पाकीट फोडलं की सगळे पॅड एकदम उघडे पडतात आणि लवकर शिळे होतात, हवाबंद डबा लागतोच. भारतात हे मिळत असेल तर मी आधी याचाच विचार केला असता.

कुंडीत_कढीपत्ता

कचऱ्यावर कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितेय, माझ्यासाठी हाच मुख्य मुद्दा आहे. ॲल्युमिनियमची कॅप्सूल पुन्हा वितळवता येते हे खरं, पण आत ओला चोथा घेऊन ती सुक्या कचऱ्यात गेली तर कोणी तिला हात लावत नाही. मी काय करते: आठवड्याच्या कॅप्सूल डब्यात जमवते, रविवारी मागचा पातळ पत्रा सुरीच्या टोकाने कापते, चोथा कुंड्यांत, टरफल धुऊन वाळवून पिशवीत. एक रिकामी कॅप्सूल ग्रॅमभराची, म्हणजे किलोला हजार लागतात, त्यामुळे भंगारवाल्याला त्यात रस नाही, पण आमच्याकडे कचरा घ्यायला येतात त्या ताईंना धुतलेली आणि बाकी पत्र्यासोबत बांधून दिलेली चालते, त्यांना विचारूनच हे सुरू केलं. हे सगळं दर आठवड्याला करायची तयारी असेल तरच घ्या असं मी स्पष्ट सांगेन. कंपोस्टेबल लिहिलेल्या बऱ्याच पॉडना मोठ्या प्लांटची उष्णता लागते, घरच्या कुंडीत ते कित्येक महिने तसेच्या तसे राहतात. जर्मनीत हँबुर्ग शहराने २०१६ मध्ये सरकारी पैशातून असे पॉड घ्यायलाच बंदी केली. के-कप काढणारा जॉन सिल्वन स्वतः २०१५ मध्ये म्हणाला होता की आपण हे का केलं याचं कधीकधी वाईट वाटतं. करणाऱ्यालाच वाईट वाटतंय तर आपण विचार करायला हवा ना?

दूरदेशी

@कुंडीत_कढीपत्ता, तुमची मेहनत खरंच कौतुकाची. दुसरी बाजूही मांडतो, वाद म्हणून नाही. कॉफीच्या एकूण पर्यावरणभारात मोठा वाटा शेतीचा आणि पाणी तापवण्याचा असतो. पॉडमध्ये पावडर मोजून असते आणि पाणी एका कपापुरतंच तापतं. रोज अर्धा पॉट फेकणाऱ्या घरापेक्षा पॉडवालं घर कमी नासाडी करत असेल. मात्र जे मोजून एकच कप करतात, त्यांना हा बचाव लागू नाही हेही तितकंच खरं.

सावंतवाडीहून

आमच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो, तिथे एक लहान मशीन ठेवलंय. कोकणातल्या पावसात कॉफी पावडरीचं काय होतं ते इथल्या माणसाला विचारा. जुलैत बरणी उघडली की झाकणाच्या आत दमट थर आणि खाली गठ्ठा, चमचा खुपसून फोडावा लागतो, वास गेलेला. कॅप्सूल नायट्रोजन भरून सीलबंद असते त्यामुळे ऑगस्टमध्येही पहिल्या दिवसासारखी. पाहुणे सकाळी आपल्या वेळेला उठून स्वतः करून घेतात, घरच्या बाईला पहाटे उठावं लागत नाही, ही माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट. फक्त पावसाळ्यात टाकीतलं पाणी रोज बदला आणि वापरलेल्या कॅप्सूलचा डबा रोज रिकामा करा, दुसऱ्याच दिवशी त्यावर बुरशी धरते.

आईसाठी

आईला संधिवात आहे. पातेलं उचलून गाळणीतून ओतणं तिला जमत नव्हतं, दोनदा हात भाजला तेव्हापासून ती कोणी घरी येईपर्यंत कॉफीशिवाय बसायची आणि सांगायचीही नाही. आता मशीन आहे. पण घेताना दुकानात तिलाच नेलं कारण काही मशीनचा वरचा दांडा दाबायला चांगलाच जोर लागतो, ती मशीन तिच्या कामाची नव्हती. जे घेतलं त्याचं झाकण हलकं आहे, पाण्याची टाकी मी सकाळी भरून जाते. दूध मायक्रोवेव्हमध्ये. दुपारी तीनला ती आपली आपण कॉफी करून पिते, शेजारच्या काकूंनाही देते. पॉडला किती पैसे पडतात ते मी बघत नाही. घरात ज्येष्ठ असतील तर त्यांच्या हाताने चालवून बघूनच घ्या.

पाऊसवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार, घरी मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंनी फिल्टरच्या बाजूने मत दिलंय आणि रविवारी पितळी फिल्टर येतोय. मशीनसाठी नवऱ्याचा आग्रह कायम आहे, त्याचे महिन्याला पंचवीसेक कप होतील, माझे कधीतरी. एक शेवटचा प्रश्न, ते स्टीलचे पुन्हा भरता येणारे पॉड मिळतात ते चालतात का? चालत असतील तर खर्च आणि कचरा दोन्ही सुटतील.

घाटमाथा

चालतात पण सव्वासहाच्या माणसासाठी नाही. पावडर बारीक मिठाएवढी दळलेली हवी, जाड असली तर पाणी सरळ निघून जातं आणि पिठासारखी केली तर मशीन अडतं. काठोकाठ भरून हलकं दाबायचं, कडेवर एक कणही राहता कामा नये नाहीतर बाजूने गळतं. नंतर चोथा काढून जाळी ब्रशने घासायची. मी सुट्टीच्या दिवशी तोच वापरतो, चिकमगळूरचे बीन्स दळून, आणि चव बंद कॅप्सूलपेक्षा चांगली येते. कामाच्या दिवसांसाठी नवऱ्याला तीन-चार पॉड रात्रीच भरून ठेवायला सांगा, मात्र हवाबंद डब्यात, आणि दोन दिवसांपेक्षा जास्त नको.

माटुंगाकर

पितळी फिल्टर नवा असेल तर पहिल्या दोन-तीन वेळा साधी पावडर घालून डिकॉक्शन काढून टाकून द्या, प्यायचं नाही. आतून कल्हई आहे ना तेवढं दुकानात विचारून घ्या.