अनुभव धागा: संपणाऱ्या मालिका – तुमच्या घरातली आठवण सांगा

शेवंती
परवा रात्री आईबरोबर एक आठ भागांची मालिका बघून संपवली. आई आता ७८ ची आहे. शेवटी नावं वर सरकायला लागली तशी म्हणाली, "झाली? पुढं काही नाही ना? बरं झालं बाई, गोष्ट मार्गी लागली." आणि चष्मा पुसत शांत बसून राहिली. मला एकदम १९८७ चं आमचं साताऱ्याचं घर आठवलं.

तेव्हा दूरदर्शनवर 'मालगुडी डेज' लागायची. आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारच्या काकूंकडे होता, लाकडी शटरचा. शटर सरकवायचा मान माझा. सुरुवातीला आर. के. लक्ष्मण यांची चित्रं यायची आणि ती धून सुरू झाली की बाबा हातातलं काम टाकून यायचे. बाबा पोस्टात होते. तेव्हाच्या बऱ्याच मालिका तेरा भागांच्या मापात यायच्या, म्हणून बाबांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेन्सिलीनं दर आठवड्याच्या चौकटीत बारीक टिंब काढून ठेवलं होतं. अर्धी टिंबं झाली आणि बाबांची प्रमोशनवर बदली झाली, थेट अहेरीला. त्यांच्या खोलीवर टीव्ही नव्हता. जाताना मला म्हणाले, उरलेल्या गोष्टी तू मला लिहून कळव. मी तेव्हा सहावीत. दर आठवड्याला एक इनलँड पत्र, एका इनलँडमध्ये एक गोष्ट. शेवट नेहमी त्या दुमडायच्या चिटोऱ्यावर जायचा, डिंक लावायच्या जागेला खेटून, कारण सुरुवातीलाच मी सगळी जागा संपवलेली असायची.

रोज रात्री येणाऱ्या आणि वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकांमध्ये मला हे कधी मिळालं नाही. गोष्टीला शेवट आहे हे माहीत असलं की माणूस ती वेगळ्या जिवानं बघतो असं मला मनापासून वाटतं. तुमच्या घरात अशी कुठली मालिका होती, कुणाबरोबर बघितलीत, लिहा ना. जुनी नवी कुठलीही चालेल.

निळाई
ती धून वाचतानाच कानात वाजली!! मुलाला डबा भरून देतेय पण लिहिल्याशिवाय राहवेना. शेवंती, ती पत्रं आहेत का गं अजून? बाबा उत्तर पाठवायचे का?

मुळामुठा
तेरा कशामुळे तर वर्षाचे ५२ आठवडे, त्याचा चौथा हिस्सा तेरा. म्हणजे एका तिमाहीत एक मालिका. प्रायोजकांचाही हिशोब तसाच असायचा, चालली तर आणखी तेरा. आमच्याकडे पुण्यात अँटेना सिंहगडाच्या टॉवरकडे वळवून ठेवलेला, कावळा बसला की चित्र गेलं. मी कायम गच्चीवर आणि खालून भाऊ ओरडणार आलं आलं, गेलं, आता हलू नको. 'मिर्झा गालिब'चे निम्मे भाग मी गच्चीवरून नुसते ऐकलेत, जगजीत सिंग यांचा आवाज जिन्यातून वर यायचा.

पिंपरी कॅम्प
तमस. १९८८. फाळणीच्या दंगलींवरची.

आमच्या शेजारी एक सिंधी दादी राहायच्या, फाळणीत सिंधमधल्या शिकारपूरहून आलेल्या. त्यांच्या मुलाच्या दुकानात वडील हिशोब लिहायला जायचे म्हणून घरोबा. तमस चालू झाली तेव्हा दादी स्वतःहून आमच्याकडे आल्या, त्यांच्या घरात सून लावू देत नव्हती. पहिल्या भागात ओम पुरीचा तो डुक्कर मारायचा लांबलचक प्रसंग झाला आणि दादींनी पाट उचलला, टीव्हीकडे पाठ करून भिंतीशी बसल्या. आईला वाटलं त्या उठून जाताहेत. गेल्या नाहीत. पुढचे सगळे भाग त्या तशाच पाठ करून बसायच्या, नुसतं ऐकायच्या. मी समोर बसून त्यांचं तोंड बघायचो, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन, मला मालिका कळत नव्हती पण दादींकडे बघून कळायचं की आता काय चाललंय.

मध्येच कोर्टाची स्थगिती आली होती, मुंबई हायकोर्टात. मग न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः बघितली आणि स्थगिती उठवली, सुप्रीम कोर्टानंही नंतर प्रक्षेपण थांबवायला नकार दिला. दादी रोज वडलांना विचारायच्या, पेपरात काय आलंय, पूरी दिखाएंगे ना. त्यांना ती पूर्ण व्हायला हवी होती. शेवटच्या भागानंतर त्यांनी आईच्या हातचा चहा घेतला आणि पहिल्यांदा शिकारपूरच्या घराबद्दल बोलल्या. घराला किती दारं होती, कुठल्या दाराला कडी नीट बसायची नाही. बास, तेवढंच बोलल्या.

खडीसाखर
काटा आला अंगावर. कडीचं वाचून तर... दादा, लिहिलंत म्हणून थँक्यू.

निळाई
मी डबा भरायची थांबले. रडू आलं.

धागादोरा
मी पडद्यामागची आहे, कॉस्च्युममध्ये. आधी सहा वर्षं एका डेलीवर, म्हणजे रोज लागणाऱ्या मालिकेवर, मग एका नऊ भागांच्या सिरीजवर. त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते.

डेलीत सीन सेटवर व्हॉट्सअॅपला यायचे, कधी कधी लाइट लागलेला असताना. गुरुवारी टीआरपी आला की ट्रॅक बदलायचा. एकदा सकाळी सात वाजता फोन, पांढरी साडी आहे का गं, दुपारी लागेल. म्हणजे कुणीतरी जाणार, कोण ते मला अकरा वाजता कळलं. ज्याचं पात्र जाणार होतं त्या दादालाही तेव्हाच कळलं, मेकअप अर्धा झालेला होता त्याचा.

सिरीजवर मात्र पहिल्या दिवशी बाउंड स्क्रिप्ट हातात. शेवटच्या पानासकट. मी घरी नेऊन रात्रीत वाचून काढली. नायकाचा एकच निळा चौकड्याचा शर्ट पूर्ण सिरीजभर होता, नोकरी गेलेला माणूस. तसे पाच शर्ट घेतले. पहिला कोरा कडक. दुसऱ्याची कॉलर पॉलिश पेपरनं हलकी घासली. तिसरा चहाच्या पाण्यात बुडवून सुकवला म्हणजे पांढरा भाग पिवळट पडतो. चौथ्याचं वरून दुसरं बटण काढून वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलं कारण बायको घर सोडून गेलेली असते, आता तो स्वतः लावतोय. पाचव्याचा खिसा उसवला. बघणाऱ्याला हे एकेक दिसत नाही, पण शेवटच्या भागात तो दारात उभा राहतो तेव्हा आत काहीतरी तुटतं ना, त्यात माझा तो दोरा आहे. मला शेवट माहीत होता म्हणून मी हे करू शकले. डेलीत असं करायची सोयच नाही, पुढच्या आठवड्यात तोच माणूस परत श्रीमंत झाला तर काय.

पण हेही खरं की नऊ भाग झाले आणि मी चार महिने घरी होते. डेलीचे पैसे ९० दिवसांनी का होईना येत राहतात, घरभाडं त्यावर चालतं आमचं. त्या सिरीजचे शेवटचे पैसे तर अजून यायचेत, फोन करून थकले. म्हणून डेलीला नावं ठेवलेली मला आवडत नाहीत, सेटवरचे ६०-७० जण त्यावर जगतात. कामाचं समाधान मात्र त्या पाच शर्टांचं.

मुळामुठा
ताई, दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचं वाचून थक्क झालो. यापुढं बटणांकडे बघणार.

अनुपमा ठाणे
मी थोडं वेगळं सांगते. माझ्या सासूबाई एकट्या असतात दुपारभर आणि संध्याकाळी मला यायला आठ होतात. सासरे गेल्यावर त्यांना साडेसातची मालिका म्हणजे घरात कुणीतरी रोज येतंय अशी झाली. 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग, आमच्याकडे त्या काळात दोन लग्नं, एक बारसं, सासऱ्यांचं आजारपण आणि जाणं सगळं झालं आणि ती देशमुखांची मंडळी रोज होतीच. मी त्यांना मुद्दाम सहा भागांची एक चांगली सिरीज लावून दिली मोबाईलवर, आवडली, पण संपल्यावर दोन दिवस त्या हिरमुसल्या. म्हणाल्या ओळख झाली तोवर गेले की गं. एकट्या माणसाला शेवट नको असतो कधी कधी. सगळ्यांनी हाही विचार करावा.

शेवंती
अनुपमा, पटलं मला. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. "ओळख झाली तोवर गेले" हे मनात राहील.

बोईसरचा
चेर्नोबिल, २०१९, पाचच भाग, तिथल्या अणुभट्टीच्या अपघातावरची. वडील तारापूरच्या अणुवीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये शिफ्टला होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मी सुट्टीत घरी गेलो होतो, म्हटलं दाखवावी. पहिल्या भागात आगीचे बंब येतात आणि तो एकजण जमिनीवर पडलेला, भट्टीच्या आतला ग्रॅफाइटचा तुकडा उचलतो, वडील उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी बंद केली. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर म्हणाले लाव, अर्धवट सोडायचं नाही.

पाचव्या भागात कोर्टात तो शास्त्रज्ञ लाल आणि निळ्या पाट्या लावून रिअॅक्टर समजावतो, तिथं त्यांनी थांबवायला लावलं आणि आईच्या किराणाच्या यादीमागं स्वतः काढून दाखवलं. आपल्या तारापूरच्या १९६९ च्या दोन युनिटची जात वेगळी, त्यात ग्रॅफाइट नाही, पाणीच न्यूट्रॉनचा वेग कमी करतं, पाणी गेलं की अणू फुटण्याची साखळी आपोआप मंदावते. तिकडं उलटं. आणि तिथल्या साखळी थांबवणाऱ्या कंट्रोल रॉडच्या टोकाला ग्रॅफाइट, म्हणून बंद करायचं बटण दाबलं आणि क्षणभर साखळी उलट वाढली. एवढं सांगून पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बटण दाबणाऱ्याला वाटलं असेल रे, सुटलो." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. इतकी वर्षं नाइट शिफ्टहून येऊन आमच्या डब्यातली पोळी खाणारा माणूस तिथं काय सांभाळत बसत होता ते मला चाळिशीत कळलं. ती यादी माझ्या पाकिटात आहे. मागच्या बाजूला तूरडाळ २ किलो, गूळ, काडेपेटी.

खडीसाखर
काका अजून आहेत ना? त्यांना सांगा एका धाग्यावर सगळे त्यांच्याबद्दल वाचताहेत.

बोईसरचा
आहेत आहेत, आत्ता झाडांना पाणी घालताहेत. सांगतो.

रानजाई
रुद्रम! २०१७, झी युवा. मुक्ता बर्वे. ऑगस्टमध्ये सुरू झाली तेव्हा मी नववा महिना लागलेली, संपली तेव्हा लेक मांडीवर. मराठी चॅनलवर रोजच्या वेळेला लागून चार-एक महिन्यांत ठरल्यासारखी संपलेली, फाटे न फोडता. पाजता पाजता आवाज बारीक करून बघायचे, आई म्हणायची बाळंतिणीनं असलं सूडाबिडाचं बघू नये, आणि स्वतः दाराआड उभी राहून बघायची. लेक आता आठ वर्षांची झालीय.

त्याआधी कॉलेजात असताना २०१२ ची घना-राधाची 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'. तीही वर्षाच्या आत संपवली होती. हॉस्टेलच्या हॉलमध्ये तीस मुली आणि एक टीव्ही, शेवटच्या दिवशी मेसच्या मावशी पण चपात्या सोडून आलेल्या.

मुळामुठा
बाळंतिणीला आळीव दिले का नाही मग 🙂

रानजाई
दिले की, आळिवाचे लाडू आणि रुद्रम दोन्ही. लाडूत आई खारीक पावडर जरा जास्त घालते, ओलं खोबरं घातलं तर चार दिवसात संपवायचे, फ्रीजमध्ये ठेवावेत.

निळाई
गुळाचे का साखरेचे? माझे गुळाचे नेहमी पातळ होतात.

रानजाई
गुळाचे. आळीव आधी नारळाच्या पाण्यात दोन तास भिजव, मग गूळ-खोबरं घालून गोळा कढई सोडेपर्यंत हलव.

डोंबिवली फास्ट ट्रॅक
स्कॅम १९९२. हर्षद मेहताच्या शेअर घोटाळ्यावरची, दहा भाग, ऑक्टोबर २०२०. कोविडमुळे लोकलही सगळ्यांना नव्हती तेव्हा, घरूनच काम. वडलांनी १९९२ च्या सुरुवातीला पीएफमधून पैसे काढून शेअर घेतले होते, कुणाच्या तरी सांगण्यावरून, एसीसी २०० वरून ९००० ला गेला हे ऐकून सगळी चाळच घेत होती. एप्रिलमध्ये पत्रकार सुचेता दलाल यांची घोटाळ्याची बातमी आली आणि मग सगळं खाली. आमच्या घरात तो विषय निघायचा नाही. ताईचं इंजिनिअरिंग राहिलं ते त्यामुळे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी आपलं जोडून घेतलं होतं आणि मनात राग धरून होतो.

मालिका लावली तेव्हा वाटलं वडील उठतील. उठले नाहीत. रोज जेवल्यावर एक भाग, दहा दिवस. सहाव्या का सातव्या दिवशी मध्येच म्हणाले, "मी हव्यासानं नव्हते रे घेतले. फीचा आकडा मोठा होता." आणि कपाटातून ती सर्टिफिकेटं काढून आणली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबराचा बँड वितळून कागदाला चिकटलेला. २८ वर्षांनी. मी ताईला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तिला सगळं आधीपासून माहीत होतं, वडलांनी तिला तेव्हाच सांगितलेलं. मलाच फक्त माहीत नव्हतं.

पिंपरी कॅम्प
ताईनं कुणाला सांगितलं नाही एवढी वर्षं. मोठं मन.

डोंबिवली फास्ट ट्रॅक
हो. भाऊबीजेला येतेय ती.

धागादोरा
कुणाला 'गोट्या' आठवते का? राजदत्त यांची, ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरची. 'बीज अंकुरे अंकुरे' माझा मुलगा आता शाळेत म्हणतो, त्याला माहीतच नाही ते मालिकेचं गाणं आहे.

निळाई
म्हणजे काय! अशोक पत्कींची चाल. आम्ही गॅदरिंगला बसवलं होतं. शेवंती, तू माझं उत्तर दिलंच नाहीस, पत्रांचं??

शेवंती
सॉरी गं, आईला डॉक्टरांकडे नेलं होतं, बीपी ठीक आहे. येताना सगळं रिक्षात वाचून दाखवलं तिला, दादींचं दोनदा वाचायला लावलं.

माझी पत्रं बाबांच्या ट्रंकेत सापडली होती, ते गेल्यावर. त्यांची उत्तरं आईकडे आहेत. बाबा लांबलचक नाही लिहायचे, पोस्टकार्डच, आणि गोष्टीबद्दल एखादी ओळ. त्यात एक गोष्ट पोस्टमनची होती. एका घरात मुलीचं लग्न ठरलेलं असतं, आणि काका अत्यवस्थ असल्याचं कार्ड आणि मग ते गेल्याची तार येते. पोस्टमनला वाटतं हे आत्ता दिलं तर लग्न मोडेल, म्हणून तो कार्ड आणि तार दोन्ही दडवून ठेवतो आणि लग्न पार पडल्यावर नेऊन देतो, सांगतो की माझी तक्रार केलीत तर नोकरी जाईल. मी पोस्टातल्या माणसाची मुलगी, मला ते भयंकर वाटलं होतं. मी पत्रात शेवटी चिटोऱ्यावर विचारलं होतं, बाबा, त्यानं बरोबर केलं का.

आत्ता आईनं ते कार्ड काढून दिलं. निळी शाई, अहेरीचा शिक्का. लिहिलंय:

"चि. शेवंतीस अ. आ. त्याचं चुकलं. टपाल अडवणं हा गुन्हा आहे. मीही तेच केलं असतं. हे कार्ड आईशिवाय कुणाला दाखवू नकोस. अभ्यास कर. पुढची गोष्ट लवकर पाठव."